पालक-मुलं मिळून खेळायचा तास : सूचना हव्यात

कन्नमवारनगरी | शनिवार, रात्री १०:२०

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींत ४ ते १० वयाची बरीच मुलं आहेत. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी तासभर खेळ सुरू करायचं चाललंय. अट एकच. मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस यायला हवं आणि त्याने खेळायला हवं. पाण्याची बाटली धरून कडेला उभं राहायचं नाही.

का, ते सांगते. मुलांच्या व्यायामाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी सरळ क्लासवर जाते. स्केटिंग, कराटे, स्विमिंग, फुटबॉल. मूल आत घाम गाळतंय आणि पालक बाहेर बाकावर रील्स बघतायत. आठवड्यातले दोन तास तसे जातात, उरलेला आठवडा शाळा, व्हॅन, ट्यूशन आणि सोफा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी, शिवाय आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. तीन-चार वर्षांच्या पोरांची तर, त्यांच्याच २०१९ च्या सूचनांप्रमाणे, दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० चांगली दमवणारी. ११ ते १७ वयोगटाचा २०१६ चा जगभरातला आकडा असा की ८१ टक्के मुलं एवढं करत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधली मोठी मुलं बघता मला तो अजिबात फुगवलेला वाटत नाही.

पण मला जास्त पटली ती दुसरी गोष्ट. पळणं, उडी, लंगडी, फेकणं, झेलणं, लाथ मारणं, तोल सांभाळणं हे सगळं वय वाढलं की आपोआप येतं असं आपण धरून चालतो. अर्धंमुर्धं येतं. नीट यायला कोणीतरी दाखवावं लागतं आणि पुष्कळ वेळा करावं लागतं. ज्याला झेल घेता येत नाही त्याला कोणी खेळायला घेत नाही, खेळायला घेत नाही म्हणून झेल सुधारत नाही, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी ते मूल "मला खेळ आवडतच नाहीत" म्हणून मोकळं होतं. स्टॉडन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे चक्र मांडलं. वय वाढतं तसं कसब आणि हालचाल एकमेकांना जास्त जास्त बांधली जातात, असं त्यांचं म्हणणं.

घरच्यांना सोबत घेऊन केलेले कार्यक्रमही आहेत. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल विद्यापीठातल्या फिलिप मॉर्गन यांच्या गटाने आधी 'हेल्दी डॅड्स हेल्दी किड्स' केला, मग खास बाप-लेकींसाठी 'डॅड्स अँड डॉटर्स एक्सरसायझिंग अँड एम्पॉवर्ड'. आठवड्याला दीड तासाचं सत्र आणि मधल्या दिवसांत घरी करायचे खेळ. २०१९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत मुलींचं फेकणं-झेलणं सुधारलं, त्यांची हालचाल वाढली आणि बापांचीही वाढली.

आमच्याकडे विद्यापीठ नाही की निधी नाही. पार्किंगच्या मागे पेव्हर ब्लॉकचा पट्टा आणि त्यापलीकडे मातीचा एक तुकडा आहे. तासाभरात काय काय घ्यावं? बाबालोकांना रविवारी अंथरुणातून कसं काढावं? आजी-आजोबा आले तर त्यांच्याकडे काय सोपवावं?

तिरकस | शनिवार, रात्री ११:०५

आता पोरांशी खेळायलाही मार्गदर्शक सूचना! आम्हाला कोणी शिकवली होती लंगडी? चाळीच्या पटांगणात पडलो, गुडघे फोडले, आली. पोरांना मोकळं सोडा आणि तुम्ही घरी कांदेपोहे करा.

पीटीवाले_सर | रविवार, सकाळी ६:१५

तिरकस, तुम्हाला शिकवली होती. शिकवणारा तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा होता, म्हणून तुम्हाला तो मास्तर वाटला नाही.

आठवा जरा. पाच वर्षांचं पोर मोठ्यांच्या खेळात आलं की त्याला कच्चा लिंबू करायचे. डावात असायचा, पण आऊट व्हायचा नाही. दोन वर्षं तो नुसता मोठ्यांच्या मागे पळायचा, लगोरी फोडायला त्याला दोन पावलं पुढून मारू द्यायचे, साखळीत मधल्या जागी धरायचे. मग एक दिवस कोणीतरी जाहीर करायचं की आजपासून हा पक्का. ही उमेदवारीच होती आणि ती फुकट होती. आता पाचवीतला मुलगा खाली येतच नाही, त्याला स्कॉलरशिपचा क्लास असतो. खाली येतात ती सगळी एका वयाची, सगळीच कच्ची. मोठ्या पोराची ती जागा आज आई-बापांनी घ्यायची आहे, एवढाच या धाग्याचा अर्थ मी लावतो.

आता शाळेचं. मी गिरणगावात एका शाळेत पीटी शिकवतो. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, मैदानावर नेऊन रांगा लावण्यात दहा गेली. चार चेंडू असले तर एका मुलाच्या हातात चेंडू किती वेळा येईल, हिशोब तुम्हीच करा. घरी बाप समोर उभा राहिला तर पाच मिनिटांत पन्नास झेल होतात. शिक्षक कितीही चांगला असला तरी हे गणित तो बदलू शकत नाही.

कन्नमवारनगरीताई, फेकण्यापासून सुरुवात करा, कारण तेच सगळ्यात कच्चं असतं. उजव्या हाताने फेकणारं मूल उजवाच पाय पुढे टाकतं, छाती समोर ठेवतं आणि कोपरातून चेंडू ढकलतं. खडूने जमिनीवर डाव्या पावलाचा ठसा काढा. मूल भिंतीला खांदा करून आडवं उभं राहील, हात मागे नेईल, डावा पाय ठशावर पडेल आणि मग चेंडू सुटेल. आणि महत्त्वाचं, सुरुवातीला नेम धरायला सांगू नका. नेम म्हटला की मुलं हात आखडून हळू टाकतात. "भिंत पाड" म्हणा. ताकद लावली की अंग आपोआप वळतं. मोज्यांचे गोळे करून घ्या, काच फुटणार नाही.

झेल उलट दिशेने शिकवायचा. आधी फुगा, मग मोठा मऊ बॉल, टेनिस बॉल सगळ्यात शेवटी. लहान मूल दोन्ही हातांनी बॉल छातीशी कवटाळतं, ते चूक नाही, ती पहिली पायरी आहे. तोंड फिरवून डोळे मिटत असेल तर बॉल त्याच्यासाठी जड किंवा वेगवान आहे. अशा वेळी "घाबरतोस काय" म्हणण्यापेक्षा फुग्यावर परत या.

विरारफास्ट | सोमवार, सकाळी ८:५२

उभ्याने टाइप करतेय, चुका समजून घ्या.

सगळं पटतंय. पण संध्याकाळी घरात पाऊल टाकायला मला सव्वाआठ होतात. नवरा त्यानंतर. मग कुकर, होमवर्क, उद्याचे डबे. रविवारी आठवड्याचे कपडे, भाजी, सासूबाईंची डॉक्टरची वेळ. "पालकांनी मुलांबरोबर खेळावं" हे वाचलं की माझ्या यादीत अजून एक काम वाढल्यासारखं वाटतं आणि न केल्याची बोच वर. हे कार्यक्रम ज्या देशांत होतात तिथल्या घरांना मागे अंगण असतं आणि बाप साडेपाचला घरी येतो.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. वन आरके आहे आमचं. यात काय बसतं ते सांगा.

शशांक_मुलुंड | सोमवार, सकाळी ११:३०

थोडा विरोधी सूर. माझा मुलगा फुटबॉल अकादमीत जातो. कोच शिकलेला आहे, पद्धतशीर शिकवतो. मला स्वतःला धड किक मारता येत नाही, मी त्याला काय शिकवणार? जे काम येतं त्याने ते करावं.

दुसरं, या घरगुती कार्यक्रमांवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे मी थोडे चाळलेत. परिणाम दिसतो, पण छोटा असतो. उगाच हवा नको.

पीटीवाले_सर | सोमवार, दुपारी १:१०

शशांक, अकादमी चालू ठेवा. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाचे फक्त पाय खेळतात आणि हातांना कामच नाही, असं व्हायला नको. फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुलाला फेकणं, झेलणं, लोंबकळणं, कोलांटी हे सगळं वेगळं मिळायला हवं. ते अकादमीच्या फीमध्ये नसतं.

आणि तुम्हाला किक येत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. दोघं मिळून शिका. बापाला एखादी गोष्ट येत नाही आणि तरी तो करून बघतोय, हे मुलाला बघायला कुठे मिळतं?

कन्नमवारनगरी | सोमवार, रात्री ९:४०

शशांक, छोटा परिणाम ही गोष्ट खरी आहे. शिवाय अशा अभ्यासांत भाग घ्यायला येणारे पालक मुळातच उत्साही असतात, हेही धरायला हवं. पण त्या आढाव्यांतून दोन गोष्टी मला कामाच्या वाटल्या. पालक स्वतः जिमला जातो की नाही याचा मुलाच्या हालचालीशी संबंध फार कच्चा निघतो. पालक मुलाला घेऊन बाहेर पडतो का, सोबत खेळतो का, शाबासकी देतो का, याचा संबंध त्याहून बराच पक्का. म्हणजे बाबांनी पहाटे एकट्याने मॅरेथॉनची तयारी केली तर मुलाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

दुसरी म्हणजे आरोग्य, वजन, साखर असला पाढा वाचण्यापेक्षा "एकत्र वेळ घालवू" म्हणून बोलावलं की घरं जास्त टिकतात. आमच्या व्हॉट्सअॅप निमंत्रणातून मी 'लठ्ठपणा' हा शब्द काढून टाकलाय. तो वाचून दोन आया येणारच नव्हत्या.

विरारफास्ट, तुमचं म्हणणं मनाला लागलं. वेगळा वेळ काढू नका. कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांचा गोळा करून तो टोपलीत टाकायला लावा, दर वेळी टोपली एक लादी मागे. व्हॅनपर्यंत जाताना एक खांब ते दुसरा खांब लंगडी, परतताना दुसऱ्या पायावर. भाजी आणायला चालत. आणि फुगा. सरांनी सांगितलेला फुगा वन आरकेसाठीच बनलाय.

अंडरआर्म | सोमवार, रात्री १०:१५

आयडी बघून कळलंच असेल, मी बॉक्स क्रिकेटवाला. सरांचं फेकण्याबद्दलचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. मुंबईतल्या बिल्डिंगमधली पोरं दिवसभर क्रिकेट खेळतात, पण कंपाउंडमध्ये सगळं अंडरआर्म. काच फुटेल म्हणून जोरात फेकायला बंदी, दुसऱ्या मजल्यावर गेला की आऊट, गाडीला लागला की आऊट. मग मोठ्या मैदानावर गेल्यावर बाउंड्रीवरून थ्रो पोचत नाही. आमच्या टीममधल्या अर्ध्या लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे आणि आम्ही चाळिशीत आहोत!

बाकी वन टप्पा आऊट हा झेल शिकवायला भारी नियम. टप्पा पडल्यावर बॉल हळू येतो, लहानांनाही विकेट मिळते.

चालती_बोलती | मंगळवार, दुपारी ३:२५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं नीट जमावीत म्हणून उपचार देणारी. म्हणून दोन मुद्दे.

पहिला, खेळांची निवड. संगीत खुर्ची, डॉजबॉल, आऊट झाला की बाजूला बसायचं असे सगळे खेळ टाळा. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात आधी बाद होतो आणि उरलेला वेळ मातीत रेघोट्या ओढत बसतो. आपल्याकडे याचं उत्तर आधीपासून आहे. साखळीत पकडलेला मुलगा साखळीला जोडला जातो, विषामृतात 'अमृत' मिळालं की पुन्हा पळायला लागतो. कोणी बाहेर बसत नाही. डबा ऐसपैसमध्येही डबा उडाला की सगळे सुटतात. ठिकरीत लंगडी, तोल आणि नेम असं तिन्ही एकत्र येतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तुमच्या गटात एखादं मूल असं असेल की महिनोन् महिने सराव करूनही त्याला जमत नाही. जिना उतरताना अजून दोन्ही पाय एका पायरीवर ठेवतं, बटणं लावता येत नाहीत, डबा उघडताना सांडतं, सारखं दाराला आपटतं. त्याला वेंधळा, आळशी म्हणू नका. शाळकरी वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये समन्वयाच्या विकासातला असा अडथळा असतो, बुद्धीचा त्याच्याशी संबंध नसतो. पाच वर्षांच्या आत आम्ही सहसा शिक्का मारत नाही, पण त्यानंतर दाखवून घ्यावं. केईएम, नायर आणि सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खाजगीत महागडं पॅकेज घेण्याआधी तिथे जाऊन या. गर्दी असते, अर्धा दिवस मोडतो, तरीही.

तिरकस | मंगळवार, दुपारी ४:००

कच्चा लिंबूचा मुद्दा मान्य. सरांनी माझी विकेट घेतली.

पण जागेचं काय करणार? आमच्या सोसायटीत गेटवर पाटी आहे : 'आवारात चेंडूने खेळण्यास सक्त मनाई'. गच्चीला कुलूप. पोडियमवर लॉन आहे, त्यावर पाय ठेवायचा नाही. लॉन बघायला आहे म्हणे. टर्फ तासावर भाड्याने मिळतं, पण तिथे बाप येतात ते स्वतः खेळायला. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे एक सतरंजी पुरती पसरत नाही.

लेकीचा_बाप | मंगळवार, रात्री ११:२०

जागा आहे तिथेही ती कोणाला मिळते हा वेगळा विषय आहे. शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर संध्याकाळी जा. एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला खेटून उभा असतो. इंच इंच भरलेलं असतं आणि सगळी पोरं, सगळे मुलगे. माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला तिथे सोडलं तर ती कठड्यावर बसणार, नाहीतर कडेकडेने चालणार. मुली चेंडूच्या कामात मागे असतात असं सगळे अभ्यास सांगतात, पण त्यांच्या हातात चेंडू येतोच कधी?

म्हणून ते बाप-लेकींच्या कार्यक्रमाचं वाचून मला बरं वाटलं. त्यात दंगामस्तीचा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, गादीवर कुस्ती, ढकलाढकली. आम्ही घरी करतो. दोन गाद्या जमिनीवर, मी गुडघ्यांवर, तिने मला गादीबाहेर ढकलायचं. आमच्या आईला हे अजिबात आवडत नाही. "मुलीच्या जातीला शोभतं का हे", रोजचं वाक्य. लेक आता आजीला उत्तर देते, "आजी, तू पण ये, तुला पण ढकलते."

ताई, तुमच्या तासात पहिली पंधरा मिनिटं चेंडू फक्त मुलींच्या हातात द्या. भांडणं होतील. होऊ देत.

गोरेगावकर_आजोबा | बुधवार, सकाळी ७:०५

आजी-आजोबांना काय सोपवावे असे विचारले आहे, म्हणून लिहितो. वय ७१, उजवा गुडघा बदललेला. मी पळू शकत नाही, पण टाकू शकतो. नातवाला खुर्चीत बसून शंभर चेंडू टाकून देतो, त्याचा बाप दहा टाकून फोन घेतो. माझ्या सौ. सागरगोटे खेळतात आणि त्यात नातवाला अजून हरवतात.

आम्ही दोघे रोज एक पैज लावतो. भिंतीजवळ एका पायावर कोण जास्त वेळ उभे राहतो. खेलो इंडियाच्या शालेय तपासणीत पहिली ते तिसरीच्या मुलांची अशीच एक चाचणी असते, फ्लेमिंगो बॅलन्स, एका पायावर मिनिटभर उभे राहताना किती वेळा तोल गेला ते मोजतात. नातवाच्या शाळेत झाली, म्हणून घरी आली. पासष्टीच्या पुढच्यांनीही आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तेव्हा हा खेळ दोघांच्या कामाचा आहे. माझा हात मात्र भिंतीला असतो, ही सूचना समवयस्कांनी ध्यानात ठेवावी.

एक तक्रार. आम्ही म्हाताऱ्यांनी "पडशील, पडशील" म्हणणे बंद केले पाहिजे. पोर पाळण्याच्या साखळीला लोंबकळले की चार बाकांवरून एकदम आवाज येतो.

शशांक_मुलुंड | बुधवार, सकाळी १०:५०

आजोबा, शंभर चेंडू! तुम्हालाच अकादमीत घ्यायला हवं.

जागेबद्दल. २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझच्या बाजूला रविवारी सकाळी 'इक्वल स्ट्रीट्स' म्हणून रस्ते गाड्यांना बंद ठेवायचे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट' केलं, मरीन ड्राइव्हपासून उपनगरांपर्यंत. आम्ही गेलो होतो, रस्त्याच्या मधोमध मुलं दोरीच्या उड्या मारत होती. असं काही कायमचं व्हायला हवं. तोपर्यंत रविवारी बंद असलेली शाळांची मैदानं मागून बघा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला तर काही जण देतात.

विरारफास्ट | शुक्रवार, सकाळी ८:४८

रिपोर्ट. फुगा केला. पलंग आणि कपाटाच्या मध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात. नियम असा की फुगा जमिनीला लागता कामा नये आणि मी पोळ्या लाटत असले तरी माझ्याकडे आला तर मला मारावाच लागतो, कोपराने. नवरा आल्यावर तोही बॅग खाली न ठेवता घुसला. पीठ सगळीकडे. खालच्या काकूंनी इंटरकॉमवर विचारलं की वर काय चाललंय. आता उड्या नाहीत, रात्री फक्त एका पायावर उभं राहून फुगा.

मुलगा झोपताना उद्याचे नियम ठरवत होता. मला वाटलं होतं एक काम वाढेल. उलट होमवर्क करून घेताना होणारी रडारड जरा कमी आहे, पण ते फुग्यामुळे की परीक्षा संपल्यामुळे, देव जाणे.

कन्नमवारनगरी | रविवार, दुपारी १२:३०

आज पहिला रविवार झाला. थोडक्यात वृत्तांत.

अपेक्षेपेक्षा जास्त मुलं आली. आया बऱ्याच, दोन आजी, एक आजोबा आणि मोजके बाबा. सुरुवात साखळीने केली. पेव्हर ब्लॉकवर न घेता मातीवर घेतली, हे बरं झालं, कारण पहिल्या दोन मिनिटांत पडलेल्यांत मुलं कमी आणि आया जास्त होत्या. ओढण्या आणि चपला. पुढच्या वेळी बूट सक्तीचे.

नंतर लेकीच्या बापांची सूचना, पहिला चेंडू मुलींना. भांडणं झाली. एक मुलगा रुसून पार्किंगच्या खांबामागे जाऊन बसला. पण भिंतीवर 'भिंत पाड' सुरू झाल्यावर जी मुलगी शाळेच्या स्पर्धेत कधीच नाव देत नाही, तिने असा काही गोळा मारला की वॉचमन काका टाळ्या वाजवत आले. डाव्या पावलाचा ठसा अक्षरशः जादू करतो, सर. मात्र लहान चार वर्षांच्यांना तो कळत नाही, त्यांना नुसतं जोरात फेकू दिलं.

आणि मग बाबालोक. कोणीतरी गाडीच्या डिकीतून बॅट काढली. पंधरा मिनिटांत चार बाबा बॅटिंग-बोलिंग करत होते आणि सगळी मुलं बाउंड्रीला उभी राहून त्यांचे बॉल आणून देत होती. मी शिट्टी वाजवून थकले. शेवटी एका आजींनी जाऊन स्टंप म्हणून ठेवलेली वीट उचलली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली.

अंडरआर्म | रविवार, दुपारी १२:४१

मी तिथे असतो तर मीही त्या चौघांत असतो, खोटं कशाला बोलू. बॅटबंदी करा. आमची जात दुसऱ्या कशाने सुधारणार नाही.

पीटीवाले_सर | रविवार, दुपारी २:००

उत्तम झालं. बाबांना हाकलू नका, कामाला लावा. प्रत्येक बाबाकडे दोन मुलं, त्यात स्वतःचं एक आणि दुसऱ्याचं एक. दुसऱ्याच्या मुलावर माणूस ओरडत नाही आणि त्याचं बघून स्वतःच्यावरही कमी ओरडतो. लगोरी घ्या, त्यात बाबांचा नेमही चालतो आणि मुलांचं पळणंही. मोठ्यांनी डाव्या हाताने मारायचं असा नियम ठेवा म्हणजे डाव बरोबरीत येईल. रुसलेल्या मुलाला पुढच्या रविवारी लगोऱ्या रचायचं काम द्या.

महिनाभर तरी खेळांची यादी बदलू नका. मोठ्यांना कंटाळा येतो म्हणून आपण दर वेळी नवं काढतो, मुलांना तोच खेळ पुन्हा हवा असतो आणि कसबही त्यानेच येतं.

चालती_बोलती | रविवार, संध्याकाळी ५:१५

बूट सक्तीचे केलेत ते पेव्हर ब्लॉकवर ठीक आहे. मातीवर मुलांना अनवाणी खेळू द्या, काचा आहेत का ते आधी फिरून बघा. थंडीत पहाटे हवा वाईट असते तेव्हा सातऐवजी नऊला घ्या किंवा संध्याकाळी.

कन्नमवारनगरी | रविवार, रात्री ९:०५

सर, लगोरी पक्की. बॅटबंदीचा निरोप ग्रुपवर टाकलाय, त्यावर दोन रागावलेले इमोजी आलेत, दोन्ही बाबांचे. चार बाबांनी पुढच्या वेळी दोन-दोन मुलं घ्यायचं कबूल केलंय, एकाने "बॅट नाही तर मी पण नाही" म्हटलंय, त्याची बायको बघून घेईन म्हणाली.

आता एकच प्रश्न राहिला. जून ते सप्टेंबर मातीचा तुकडा चिखल होतो. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या गाड्या रविवारी तासभर बाहेर काढायला कमिटी तयार नाही. कोणाच्या सोसायटीत हे जमवलंय का? अर्ज कसा लिहिला होता?

तिरकस | रविवार, रात्री ९:३०

आमच्याकडे गणपतीच्या अकरा दिवसांत सगळ्या गाड्या बिनबोभाट बाहेर निघतात. तोच ठराव शोधून काढा, तारीख बदला. आणि हो, आमच्या गेटवरच्या पाटीखाली मी कमिटीला पत्र दिलंय, मऊ चेंडूला परवानगी द्या म्हणून. सेक्रेटरींनी मऊ म्हणजे नक्की किती मऊ असं लेखी विचारलंय. सर, मोज्याचा गोळा चालेल असं लिहू ना?

पीटीवाले_सर | रविवार, रात्री ९:४४

लिहा. सोबत एक गोळा नमुना म्हणून जोडा.